कॅश बेल की इलिनॉयचा मार्ग?

भाचीला डिबेटला हा विषय आलाय: तारखेला येण्याची हमी म्हणून पैसे भरून जामीन (कॅश बेल), की अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यासारखा पैशाशिवायचा. बाजू ठरत नाहीये तिची.

पैशाचं बघ आधी. न्यूयॉर्कचा कलीफ ब्राउडर, वय 16, 2010 ची गोष्ट, बॅग चोरल्याचा आरोप, जामीन 3000 डॉलर, घरच्यांना जमले नाहीत, नंतर तर जामीनच रद्द झाला, पोरगं तीन वर्षं रायकर्सच्या तुरुंगात आणि शेवटी केसच मागे घेतली! इलिनॉयने 18 सप्टेंबर 2023 पासून पैशाची अटच काढून टाकली.

सुरक्षितता? कॅश बेलमध्ये डेंजर माणूसही पैसेवाला असला की सुटू शकतो, इलिनॉयमध्ये गंभीर गुन्ह्यात सरकारी वकील अर्ज करतो, जज सुनावणी घेऊन आतच ठेवू शकतो. कोर्टाचं काम वाढतं मात्र.

आरोपी गरीब, गुन्हा छोटा तर इलिनॉयच. पैसेवाला तारखेला दांडी मारेल एवढीच भीती असेल तर कॅश ठीक.