चांदोबाचा बांधीव खंड आणि एक गेलेलं पान

पुण्यात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानातून गेल्या महिन्यात 'चांदोबा' या मुलांच्या मासिकाचा बांधीव खंड घेतला. १९७४ सालचे बारा अंक, चौदाशे रुपये. घासाघीस केली नाही. खंड भाऊंसाठी हवा होता. भाऊ म्हणजे माझे वडील. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांच्या पडद्याच्या दुखण्यामुळे त्यांना आता वाचता येत नाही. रोज रात्री जेवणं झाली की मी मोठ्याने वाचते.

आधी बांधणीबद्दल. पुठ्ठा जाड आहे, कण्याला तांबडं कापड आहे, शिवण पक्की आहे. पानं पिवळी पडलीत पण चुरत नाहीत. मात्र बांधताना कडा फार आतून छाटल्यात, त्यामुळे काही चित्रांचे कोपरे गेले. चांदोबाचे चित्रकार शंकर यांच्या चित्राचा कोपरा जाणं मला फार लागलं. विक्रम-वेताळाचं ते चित्र ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको: उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, त्याचे लोंबते पांढरे केस. चांदोबा मराठीत १९५२ पासून निघायचा, मद्रासच्या वडपळनीत छापला जायचा, आणि आमच्या कोकणातल्या शिरोड्यासारख्या गावी एसटीने यायचा. मूळच्या वेताळकथा पंचवीसच, पण चांदोबाने नव्या गोष्टी रचत वेताळाला पुढे कित्येक वर्षं बोलतं ठेवलं. शंकर २०२० साली गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ही बातमी मी भाऊंना वाचून दाखवली होती.

चौथ्या रात्री पंचाईत झाली. दोन भावांच्या वाटणीची गोष्ट होती. वेताळाचा प्रश्न पानाच्या तळाशी आला, "उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल" हेही आलं, मी पान उलटलं तर पुढे दुसरीच गोष्ट. उत्तराचं पान खंडात नाहीच.

त्याच रात्री स्वप्न पडलं. आमच्या शिरोड्याजवळ आरवली आहे, तिथे वेतोबाचं, म्हणजे वेताळाचंच, देऊळ. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक नवसाला हातभर लांबीच्या चामडी वहाणा वाहतात. भाऊंचं शिरोड्याला चपलांचं दुकान होतं; अशा वहाणा त्यांनी स्वतः शिवल्या आहेत. स्वप्नात वेताळाच्या पायात त्या वहाणा होत्या. माडांखालच्या वाळूतून तो करकर वाजवत चालला होता आणि त्याच्या खांद्यावर राजा विक्रम उलटा लोंबत होता. मुकुट शाबूत, तलवारीचं टोक वाळूत रेघ ओढत चाललेलं. मागून मी बॅटरी धरून. प्रश्न राजा विचारत होता आणि वेताळ गप्प. मग राजाने मान वळवून मला विचारलं, "पान कुठे गेलं?" मला ठाऊक होतं, तोंड उघडेना. वेताळ थांबला, त्याची एक वहाण तुटली होती. ती माझ्यापुढे धरून भाऊंच्या आवाजात म्हणाला, "ही शिवून घे गो बाय."

जाग आली तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. भाऊंच्या खोलीत जाऊन त्यांचा श्वास ऐकला आणि परत आले.

सकाळी दुकानात फोन केला. मालक म्हणाले, जुन्या मालाची पानं मोजून देत नाही. दोनशे रुपये परत देतो म्हणाले. मला पैसे नको होते, पान हवं होतं. सुट्या अंकांत शोधतो असं त्यांनी सांगितलं, अजून फोन नाही. माणूस वाईट नाही, पण एवढी रक्कम घेताना दोन मिनिटं पानं चाळून बघणं त्यांचं काम होतं. तुम्ही असा खंड घेणार असाल तर दुकानातच बसून प्रत्येक अंकाचे पानांचे आकडे तपासा, वेताळाची गोष्ट तर शेवटच्या ओळीपर्यंत बघा. पाचापैकी मी चार देईन. गेलेला एक त्या पानाचा.

स्वप्न भाऊंना सांगितलं. त्यांनी राजाचं काही विचारलं नाही. वहाणेचा अंगठा तुटला होता की पट्टा, एवढंच विचारलं. अंगठा, म्हटलं. "मग तिथे दुहेरी वादी घालावी लागते," म्हणाले, आणि बोटांनी हवेत टाका घालून दाखवला. मग वाटणीच्या गोष्टीचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं: धाकट्याला घर, कारण म्हातारी आई त्याच्याकडे राहिली. दुसऱ्या दिवशी ते बदललं, थोरल्याने कर्ज फेडलं होतं ना, मग घर त्याचंच. गेलेल्या पानाच्या जागी मी एक कोरा कागद चिकटवलाय आणि तारीख घालून त्यावर भाऊंची उत्तरं लिहिते. आतापर्यंत तीन झालीत.