चिंध्यांचा कागद ओला करून वापरा

साताऱ्यातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते आणि संध्याकाळी घरी कागदाची शिल्पं करते. आधी पक्षी आणि मुखवटे करायचे, गेली दोन वर्षं साचेकामही सुरू आहे. या कामासाठी मी एकच कागद पुन्हा पुन्हा विकत आणते, आणि त्याच्याबद्दल ऐकू येणारी तक्रार मला मनापासून खटकते, म्हणून लिहायला बसले. होजिअरीच्या कात्रणांपासून केलेला पांढरा हातकागद, ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ३०० ग्रॅम), २२ बाय ३० इंची ताव. तक्रार अशी की हा कागद घडीला फुटतो, ब्लेडने कापला की कडेला लव सुटते, आणि म्हणून शिल्पाला निरुपयोगी.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बनियन, टी-शर्ट शिवून उरलेली कात्रणं बारीक चिरून बीटरमध्ये कुटतात, त्यात सुताचे तंतू आखूड होतात. जपानी कोझो किंवा नेपाळी लोक्ता झाडाच्या सालीपासून करतात, तिथे तंतू लांब राहतात आणि पातळ कागदही दहा वेळा दुमडला तरी टिकतो. आपला जाड ताव कोरडा दुमडला तर घडीच्या पाठीवर बारीक भेगा दिसतातच. डेन्मार्कचे पीटर कॅलेसेन एका साध्या ए-फोर कागदातून आकृती कापून त्याच कागदावर उभी करतात. तसं काम करायचं असेल तर हा कागद घेऊ नका, गुळगुळीत ड्रॉइंग पेपर घ्या. चीनचे ली होंगबो हजारो पातळ कागद मधाच्या पोळ्यासारखे चिकटवून त्यातून अख्खं डोकं घडवतात आणि ते हाताने ताणलं की स्प्रिंगसारखं लांबतं. तिथेही याचा उपयोग नाही.

पण हा कागद पाण्यात घातला की वेगळाच होतो.

ओल्या घडीचं तंत्र जपानच्या अकिरा योशिझावा यांनी रूढ केलं. त्यांच्या ओरिगामीतली जनावरं कडक कोनांची नसतात, पाठीला गोलाई असते, पोटाला वजन असतं. कारण ते जाड कागद ओलसर करून वळवायचे. कागदातलं साइझिंग, म्हणजे खळ, पाण्याने सैल होते आणि वाळल्यावर पुन्हा आवळते. दिलेला आकार कागद धरून ठेवतो. आपल्या हातकागदाला खळ चांगली असेल तर तो नेमकं हेच करतो. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसायच्या, पाच मिनिटं थांबायचं. पाणी टपकेल इतका ओला करू नका. कागद थंडगार लागला पाहिजे, हाताला पाणी लागता कामा नये. मग घडी तीक्ष्ण न करता अंगठ्याने दाबत न्यायची. माझी पहिली टिटवी अशीच जमली. तिची मान मी कपडे वाळत घालायच्या दोन चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवली होती, सकाळी चिमटे काढले तर मान तशीच वळलेली. आता चार वर्षं झाली, कपाटावर उभी आहे, मान सुटलेली नाही.

म्हणून घेताना खळ तपासा, हे सर्वांत महत्त्वाचं. तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर खळ आहे. लगेच पसरून डाग पडला तर तो कागद फक्त लगद्यासाठी. दुकानात थेंब टाकू देत नसतील तर कोपरा जिभेला लावून बघा, बिनखळीचा कागद चिकटतो. एकदा मी घाईत ऑनलाइन पंचवीस तावांचा गठ्ठा मागवला होता, वर्णनात शंभर टक्के सुती, ३०० जीएसएम असं सगळं लिहिलेलं. पहिल्याच फडक्याला वरचा थर सोलून हातात आला. प्रदर्शनाला नऊ दिवस उरलेले आणि घरात कामाचा एकही ताव नाही. तेव्हापासून हाताळल्याशिवाय कागद घेत नाही.

आणि हाताळायला जागा आहेत, हे आपलं भाग्य आहे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशींनी ती उभी केली, तिथल्या रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा तर कित्येक शतकं मागे जाते. पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरले जायचे. कागदाचं इतकं जुनं घराणं दाराशी असताना आपल्या कलाशाळेतली मुलं आयात केलेल्या वॉटरकलर पेपरसाठी खिसा रिकामा करतात, याचं मला वाईट वाटतं.

आता साचेकाम. मी या कागदाच्या प्रेमात पडले ती इथे.

बंगालचे चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांची ‘वूंड्स’ म्हणजे जखमा ही १९७०च्या दशकातली मालिका तुम्ही पाहिली असेल. पांढऱ्यावर पांढरं, रंगाचा ठिपका नाही. ते मातीच्या पाटीवर वार करायचे, तिचा सिमेंटचा साचा घ्यायचे आणि त्यात कागदाचा लगदा दाबून बसवायचे. वाळलेल्या कागदावर ती जखम उमटते, कडा उचललेल्या, मधे खोल. १९४३चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला कागदाची कातडी करावीशी वाटली, हे मला ती चित्रं छापील स्वरूपात पाहतानाही जाणवत राहिलं. अलीगढला जन्मलेल्या, गणित शिकलेल्या चित्रकार झरीना हाश्मी यांनीही १९८०च्या दशकात लगदा साच्यात ओतून शिल्पं केली. या दोघांच्या कामाने मला धीर दिला की लगदा हा गरिबाघरचा जुगाड नाही. माझी आजी रद्दी भिजवून, मेथ्या घालून, उखळात कुटून तो लगदा जुन्या टोपलीला लिंपायची. मेथीमुळे कीड लागत नाही आणि चिकटपणाही येतो. ती टोपली अजून आमच्या माळ्यावर आहे.

मी आजीच्याच पाट्याचा साचा घेतला. पाट्याला शेवटची टाकी कधी लावली होती आठवत नाही, मधला भाग गुळगुळीत झालाय, कडेच्या खाचा तेवढ्या राहिल्यात. दीड ताव फाडून रात्रभर भिजवला, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढला, चाळणीवर निथळला. पाट्याला साबणाचं पाणी लावलं आणि वर लगदा पसरून स्पंजने दाबत गेले, स्पंज पिळत, पुन्हा दाबत. तिसऱ्या दिवशी कडेला सुरी घालून उचलला. आजीचा हात जिथे वरवंटा ओढत थांबायचा, तिथला खळगा कागदावर उंचवटा होऊन आला होता. चारी बाजूंनी टाक्यांचे बारीक दाणे, तांदूळ सांडल्यासारखे. दगडावर मला तो खळगा इतक्या वर्षांत कधी दिसला नव्हता. पांढऱ्या कागदावर खिडकीतून तिरका उजेड पडला तेव्हा दिसला.

सुती लगदा वाळताना फार आकसत नाही, म्हणून हे बारकावे टिकतात. मात्र मिक्सर थोडा थोडाच फिरवा. जास्त कुटलेला लगदा जास्त आकसतो आणि मधेच तडकतो. वर्तमानपत्राच्या लगद्याने हेच करून पाहिलं होतं, रंग करडा आला आणि खाचा बुजून गेल्या.

पावसाळ्यात साचेकाम करू नका, निदान साताऱ्यात तरी. जुलैमध्ये एक साचा आठ दिवस ओलाच राहिला आणि मागून काळे ठिपके आले, टाकून द्यावा लागला. मी आता दिवाळीनंतर सुरू करते आणि मेपर्यंत उरकते. तयार कामही उघडं ठेवायचं नाही, झुरळं खळ खातात. काच आणि कागद यांच्यात अंतर राहील अशा चौकटीत बसवून घ्या.

किंमत मशीनच्या कागदापेक्षा बरीच जास्त पडते, हे खरं. पण ओल्या घडीत चुकलेला ताव फाडून पुन्हा भिजवता येतो, त्यामुळे माझ्याकडे वाया फारसं काही जात नाही. सातवीच्या वर्गाला मी अशाच उरलेल्या तुकड्यांचा लगदा देते आणि घरून काहीही खडबडीत आणायला सांगते. मागच्या वेळी एका मुलीने बैलाच्या गळ्यातली घंटा आणली होती. तिच्या वडिलांनी बैल विकले तेव्हा घंटा ठेवून घेतलेली. साचा निघाल्यावर तिने तो माझ्याकडे दिला नाही, वहीत घालून घरी नेला.