खारपाणपट्ट्यातील हायड्रोपोनिक्स आणि चिकटपट्टीखाली दडलेले एक शून्य

आमचे गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात बोअर मारली की पाणी लागते, परंतु ते तोंडात धरवत नाही आणि शेताला दिले तर काळी जमीन चिकटून बसते. पिण्यासाठी शहानूर धरणाचे नळाचे पाणी येते, तेही रोज येतेच असे नाही. हे सारे लहानपणापासून ठाऊक असलेला मी, पाण्याच्याच बाबतीत ३ लाख ६० हजार रुपयांना फसलो. त्यातील लाज बाजूला ठेवून हा अनुभव लिहीत आहे, कारण त्याच पद्धतीने आणखी काही जणांना यंत्रे विकली गेल्याचे माझ्या कानावर आले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीविना खत मिसळलेल्या पाण्यावर पिके घेण्याच्या पद्धतीची, उभारणी करून देणाऱ्या एका विक्रेत्याचा प्रतिनिधी गावात आला. "भाऊ, तुमची जमीन खराब असली तरी आपल्याला जमीन लागतेच कुठे?" हे त्याचे पहिले वाक्य होते आणि खरे सांगायचे तर तिथेच मी अर्धा विकला गेलो. जमीन लागत नाही म्हणजे सारा भार पाण्यावर येतो, हा त्या वाक्याचा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात आला नाही. बोअरचे पाणी खारे आहे हे मी त्याला स्वतःच सांगितले. त्यावर तो हसला आणि त्याने पाणी सुधारण्याचे यंत्र दाखवले. ते यंत्र म्हणजे स्टीलचा जाड पाइप, बाहेरून चुंबक बसवलेले आणि आत चिनी मातीच्या पांढऱ्या गोळ्या. किंमत ७८,००० रुपये, तीही एकूण रकमेत धरलेली.

प्रात्यक्षिक आमच्या अंगणातच झाले. त्याने बोअरचे पाणी स्टीलच्या गंजात (पातेल्यात) घेतले, पाण्यातले क्षार मोजणाऱ्या डब्याएवढ्या मोठ्या मीटरची तार त्यात बुडवली आणि आकडा दाखवला: १६५०. मग तेच पाणी यंत्राच्या छोट्या नमुन्यातून दोनदा गाळून दुसऱ्या गंजात घेतले आणि खिशातून पेनासारखा मीटर काढून त्यात धरला. आकडा आला १६४. दोन वेगळे मीटर कशाला, असे माझ्या चुलतभावाने विचारले, तेव्हा "खाऱ्या पाण्याचा मीटर वेगळा, गोड्या पाण्याचा वेगळा, किलोच्या काट्यावर सोने तोलतात का दादा?" असे उत्तर मिळाले. दाखला इतका चपखल होता की सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन्ही आकडे जवळजवळ तेच आहेत, शेवटचे शून्य तेवढे गळले आहे, ही गोष्ट अंगणात उभ्या असलेल्या सात-आठ जणांपैकी एकाच्याही लक्षात आली नाही.

लक्षात आली ती फक्त आईच्या, आणि तीही आकड्यावरून नव्हे. तिने दुसऱ्या गंजातले पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावले आणि म्हणाली, "बापू, हे तं खारंच लागते ना." प्रतिनिधीने अतिशय आदराने तिला समजावले की क्षारांचे रूप बदलते, चव तीच राहते, आणि झाडाला जीभ नसते. मी आईला गप्प केले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त बोचते ते हेच.

उभारणी महिनाभरात झाली. जुन्या शेडनेटखाली मुळांखालून द्रावणाचा पातळ प्रवाह फिरवणाऱ्या एनएफटी पद्धतीच्या नळ्या, हजार लिटरची टाकी, मोटार, खतांची पाकिटे, पीएच (पाण्याच्या आम्लता-अल्कतेचे माप) कमी करण्याच्या बाटल्या आणि तो पेनासारखा मीटर, एवढे साहित्य मिळाले. मीटरवर विक्रेत्याचे नाव छापलेली चमकदार पट्टी आकड्याच्या खिडकीच्या वरच्या काठावर थोडी आत येईल अशी चिकटवलेली होती. लेट्युस, पालक आणि बेसिलची रोपे लावली. रोज सकाळी मी मीटर बुडवी, तो १६४ किंवा १६६ दाखवी, आणि मी वहीत समाधानाने नोंद करी.

पहिली शंका खत मिसळल्यावर आली. सोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते की लेट्युससाठी द्रावणाचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या एकूण क्षारांचे मिलिग्रॅम, ८०० ते ९००च्या आसपास असावा. मी सांगितलेल्या प्रमाणात पाकिटे टाकली, ढवळले आणि मीटर बुडवला, तर आकडा १६४ वरून जेमतेम २४६ झाला. मला वाटले, खतच भेसळीचे आहे. फोन केल्यावर "सुधारलेल्या पाण्यात मीटर खत पकडत नाही, तुम्ही मापानेच टाका" असे सांगण्यात आले. तरीही मनाची समजूत पटेना, म्हणून मी पाकिटांचा आणखी एक पूर्ण डोस टाकला. चौथ्या दिवशी लेट्युसच्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपल्या. हाताळली की त्या पापडासारख्या मोडत. मुळे पांढरी राहण्याऐवजी पिवळसर होऊन आखडली. हिवाळा होता, पाणी थंड होते, त्यामुळे उन्हाचा दोष देण्याचीही सोय नव्हती. विक्रेत्याने मात्र बुरशी असल्याचे निदान फोनवरच केले आणि मुळांसाठीचे औषध कुरिअरने पाठवले, अर्थात पैसे आधी घेऊन.

पीएचची कथा वेगळीच. सकाळी ६ वर आणलेले द्रावण संध्याकाळपर्यंत साडेसातच्या पुढे जाई. बाटलीमागून बाटली संपू लागली. तिसऱ्या आठवड्यात मी मागवलेल्या बाटल्यांचा हिशेब केला, तेव्हा उभारणीपेक्षा या बाटल्यांचाच धंदा मोठा असावा असे वाटू लागले.

अखेर जे काम पहिल्या दिवशी करायचे ते मी दोन महिन्यांनी केले. बोअर पंधरा मिनिटे चालू ठेवली, स्वच्छ प्लास्टिकची लिटरची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळली, काठोकाठ भरून घट्ट बंद केली आणि त्याच दिवशी जिल्ह्याच्या माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत नेऊन दिली. यंत्रातून आलेल्या पाण्याची दुसरी बाटलीही सोबत दिली, आणि कोणती कुठली हे न सांगता त्यांवर फक्त 'अ' आणि 'ब' लिहिले. दोन्ही अहवाल हातात आले, तेव्हा कागद अदलाबदल झाले तरी कळले नसते इतके ते सारखे होते. विद्युतवाहकता, म्हणजे ज्याला आपण ईसी म्हणतो ती, ३.३ मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर, पीएच ८.२, सोडियम लिटरला साडेपाचशे मिलिग्रॅम, क्लोराइड सव्वासहाशेच्या वर आणि बायकार्बोनेट पावणेसातशेच्या जवळ. ७८,००० रुपयांच्या पाइपातून जाऊनही पाण्याच्या अंगाला काही लागले नव्हते.

हे अहवाल मी अमरावतीला रसायनशास्त्र शिकणाऱ्या भाचीला दाखवले. साध्या टीडीएस मीटरमध्ये क्षार प्रत्यक्ष मोजले जात नाहीत, तो विद्युतवाहकताच मोजतो आणि तिला ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतो, हे तिने मला समजावून सांगितले. काही मीटरमध्ये हा गुणक ०.५ असतो, काहींत ०.७, म्हणून एकाच पाण्याचे दोन वेगळे टीडीएस येऊ शकतात आणि पाण्याबद्दल बोलायचे तर नेहमी ईसीच विचारावी. ३.३, म्हणजे ३३०० मायक्रोसिमेन्स ईसीच्या पाण्याला ०.५च्या मीटरने १६५० दाखवायला हवे. "मामा, तुमचा मीटर १६४ दाखवतो. चुकीचा असता तर वेडावाकडा आकडा आला असता. हा तर नेमका दहापट फरक आहे," असे म्हणून तिने मीटर उलटसुलट पाहिला आणि नखाने ती चमकदार पट्टी उकलली. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात, पट्टीच्या आड, बारीक अक्षरांत '×१०' लुकलुकत होते. आकडा हजाराच्या पुढे गेला की हे मीटर शेवटचे शून्य गाळून दाखवतात आणि बाजूला दहाने गुणण्याची खूण करतात. म्हणजे मीटर बिचारा प्रामाणिक होता, रोज खरे सांगत होता. त्याच्या तोंडावर पट्टी होती.

मग सगळ्या नोंदींचा अर्थ लागला. १६४ म्हणजे १६४०. खत टाकल्यावर झालेले २४६ म्हणजे २४६०, अर्थात खताने आपले ८२० बरोबर वाढवले होते. ते भेसळीचे नव्हते. दुसऱ्या डोसानंतर ईसी साडेसहाच्या पुढे गेली असणार, आणि लेट्युसला साधारण १.२ ते १.८ मानवते. झाडे बुरशीने गेली नाहीत, ती मी मिठात मुरवली.

हायड्रोपोनिक्समध्ये हे इतके का भोवते, तेही सांगायला हवे, कारण "आमच्या पाण्यावर कपाशी तर येते" हे वाक्य मीही म्हटले होते. जमिनीत पावसाच्या पाण्याने काही क्षार खाली निचरून जातात. फिरत्या द्रावणाच्या टाकीला मात्र तळ आहे, निचरा नाही. झाड पाणी ओढते, नत्र-पालाश उचलते, पण सोडियम आणि क्लोराइड फारसे घेत नाही; ते टाकीतच राहतात. माझ्या हजार लिटरच्या टाकीत रोज साधारण ६० लिटर पाणी भर म्हणून पडे. त्या प्रत्येक लिटरबरोबर साडेपाचशे मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ३३ ग्रॅम सोडियम आत येई आणि बाहेर जवळजवळ काहीच जात नसे. दहा दिवसांत साडेपाचशेचे पावणेनऊशे होणार, हा तिसरीतला हिशेब आहे. पीएच सारखा का चढत होता त्याचेही कारण अहवालातच होते: पीएच वर ओढणाऱ्या एवढ्या बायकार्बोनेटला शमवायचे तर हजार लिटरला ८५ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल पाऊण लिटरच्या आसपास लागते, आणि तेवढे टाकले की द्रावणातला स्फुरद प्रमाणाबाहेर जातो. पातळ केलेल्या छोट्या बाटल्यांनी ते होणारच नव्हते.

आणि आता तो प्रश्न, जो अंगणात कोणीतरी विचारायला हवा होता: काढलेले मीठ गेले कुठे? १६५० चे १६४ खरोखर झाले असते, तर दर हजार लिटरमागे जवळजवळ दीड किलो क्षार पाण्यातून वेगळे निघायला हवे होते. आरओ यंत्राला खारे पाणी टाकून देणारी दुसरी नळी असते, ती याचसाठी. माझ्या पाइपाला एक तोंड आत येण्याचे आणि एक बाहेर जाण्याचे, एवढेच होते. चुंबकाने विरघळलेले मीठ नाहीसे होत नाही. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची शिफारसही मला नंतर एकाने केली, पण ते कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम घालते. म्हणजे आमच्या भागात आगीतून फुफाट्यात.

ज्यांच्याकडे विक्रेत्याने दिलेला मीटर आहे त्यांना तो घरच्या घरी पडताळून पाहता येईल. बाजारात १४१३ मायक्रोसिमेन्सचे प्रमाण द्रावण मिळते, तेच उत्तम. ते नसेल तर पावसाचे किंवा डिस्टिल्ड पाणी १० लिटर घेऊन त्यात सराफाच्या काट्यावर तोललेले १० ग्रॅम मीठ विरघळवावे; त्याची ईसी सुमारे २ येते आणि ०.५ गुणकाचा टीडीएस मीटर हजाराच्या जवळपास दाखवतो. माझ्या मीटरने इथेही शेवटचे शून्य गाळूनच आकडा दाखवला, कोपऱ्यात खूण लुकलुकत असताना. पीएच मीटरसाठी ४ आणि ७ ची बफर (ठरलेल्या पीएचची) द्रावणे वेगळी घ्यावी लागतात, आणि त्याचा काचेचा गोळा कोरडा पडू देऊ नये, नाहीतर तोही काही दिवसांत खोटे बोलू लागतो, कोणी पट्टी न लावता.

शेडनेट मी मोडले नाही. गोठ्याच्या टिनांचे क्षेत्र सुमारे १२० चौरस मीटर आहे. १ मिलिमीटर पाऊस १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी देतो, त्यामुळे ७०० मिलिमीटरच्या पावसात गळती-उतू जाणे वजा करूनही साठ-सत्तर हजार लिटर मिळते. पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून देऊन बाकीचे प्लास्टिक अंथरलेल्या, वरून झाकलेल्या तळ्यात साठवले आहे. बोअरचे एक भाग आणि पावसाचे पाच भाग मिसळले की ईसी ०.६ च्या आत येते. झाडांची संख्या निम्म्यावर आणावी लागली.

विक्रेत्याने फोन उचलणे बंद केल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क पडत नाही, आणि स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर 'व्यावसायिक वापर' म्हणून तक्रार उडवून लावता येत नाही, हे तिथे गेल्यावर कळले. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. माझ्याकडे पक्के बिल नाही, साध्या कागदावरचे कोटेशन आणि बँकेतून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आहेत. त्याहून मोठी चूक म्हणजे ती पट्टी उकलण्यापूर्वी आम्ही तिचा फोटो काढला नाही. आता समोरच्या पक्षाचे लेखी म्हणणे असे आहे की पट्टी मीच नंतर, सोयीच्या जागी चिकटवली. तेव्हा ज्यांच्याकडे असा पट्टीचा मीटर असेल त्यांनी आधी तो पाण्यात धरून, दोन साक्षीदार उभे करून, पट्टी उकलतानाचे अखंड चित्रीकरण करावे, आणि मगच नख लावावे.