ऑर्किडसाठी समोरून उघडणारी काचपेटी: घ्यावी, पण झाकण बदलून

सरडे-बेडूक पाळणाऱ्यांसाठी बनवलेली ही पेटी छोट्या ऑर्किडसाठीही वापरली जाते. इथे विचार केला आहे तो ४५ सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल आणि ६० सेंमी उंच या मापाचा. समोर दोन दारं, दारांच्या खाली हवेसाठी अरुंद जाळीची पट्टी आणि वर पूर्ण जाळीचं झाकण. आत जागा १२० लिटरच्या आसपास. काच ५ मिमीची असेल तर नुसत्या काचेचंच वजन १६ किलो भरतं, त्यामुळे ठेवायची जागा आधी पक्की करावी. पेटी एकदा भरली की हलवणं अवघड.

पेटीचा खरा गुण म्हणजे दारांखालची ती पट्टी. दिव्याच्या उबेने आतली हवा वर जाते, तिच्या जागी पट्टीतून ताजी हवा शिरते आणि समोरच्या काचेलगत चढते. म्हणून काचेवर बाष्प साचत नाही आणि पानांभोवतीची हवा बदलत राहते. बरणीत किंवा वरून उघडणाऱ्या मत्स्यपेटीत ही सोय नसते. १८२९ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांना बंद बाटलीत नेचा उगवलेला दिसला आणि त्यातूनच वनस्पती जहाजाने नेण्याच्या काचपेट्या निघाल्या. पण नेच्याला मानवते ती कोंडलेली हवा फांदीवर वाढणाऱ्या ऑर्किडला मानवत नाही. त्याच्या मुळांवर वेलामेनचा स्पंजासारखा थर असतो. पाऊस आला की तो पाणी पितो आणि वाऱ्याने पुन्हा वाळतो. हे वाळणं चुकलं की मूळ गुदमरतं, तपकिरी होतं आणि बोटाने दाबलं तर नुसती साल हातात येते. काचेत ऑर्किड मरतात ती बहुधा तहानेने नव्हे, साचलेल्या ओलीने.

आता दोष. पूर्ण जाळीच्या झाकणातून ओल इतक्या वेगाने निघून जाते की फवारणीनंतर तासाभरात आर्द्रता खोलीइतकी होते. उपाय सोपा आहे: जाळी काढून त्या मापाची काच किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा बसवा आणि मागच्या कडेला ३ ते ४ सेंमीची फट जाळीसह मोकळी ठेवा. आर्द्रता दिवसा ७० आणि रात्री ९० टक्क्यांच्या आसपास राहिली पाहिजे. दिवसाही ती ९५ च्या वरच राहत असेल तर फट वाढवा. जाळी बदलायची झाल्यास तांब्याची किंवा जस्ताचा मुलामा दिलेली घेऊ नका. तिच्यावरून ठिबकणारं पाणी मुळांना घातक ठरतं.

५ व्होल्टवर चालणारा ६० मिमीचा छोटा पंखा पेटीबरोबर मिळत नाही, पण त्याच्याशिवाय पेटी अपुरी आहे. तो हवा बाहेर फेकणारा नको, आतल्या आत फिरवणारा हवा. वरच्या मागच्या कोपऱ्यात, समोरच्या काचेकडे तोंड करून लावा. पातळ पानं जेमतेम हलली की वेग बरोबर. फवारणीनंतर दोन तासांत पानं कोरडी झाली पाहिजेत. पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिलं तर पाणथळ, पारदर्शक डाग पडतो आणि दोन दिवसांत कोंब गळून जातो. असं पान डागाच्या खाली निरोगी भागात, निर्जंतुक पात्याने कापायचं आणि फवारणी थांबवायची.

तळाला ५ सेंमी भाजलेल्या मातीचे हलके गोळे, त्यावर प्लास्टिकची बारीक जाळी आणि वर शेवाळ पुरे. माती घालू नये. गोळ्यांमध्ये पाणी दोन-तीन सेंमीच्या वर चढू देऊ नका. त्यासाठी मागच्या कोपऱ्यात एक उभी नळी ठेवली की पिचकारीने पाणी ओढता येतं. काच टेम्पर्ड (तापवून कडक केलेली) असेल तर भोक पाडायचा विचारही नको, ती फुटते.

रोपं कुंडीत लावण्यापेक्षा कॉर्कच्या सालीवर बांधा. मुळांखाली स्फॅग्नम शेवाळाची बोटभर जाड गादी पुरते. त्याहून जाड गादी आतून वर्ष-दीड वर्षात आंबते. पाणी आरओचं किंवा पावसाचं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ५० पीपीएमच्या आत. जड पाण्याने काचेवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याची बारीक तोंडं तुंबतात. खत पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाई, दोन आठवड्यांतून एकदा, आणि मधे नुसत्या पाण्याने धुणं.

सोबत विकल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी टायमरवरचा फवारा घेण्यासारखा आहे: सकाळी २० सेकंद, दुपारी १०, संध्याकाळनंतर काही नाही. धुकं सोडणारं यंत्र दिसायला सुरेख, पण त्याने मुळं भिजत नाहीत, त्यामुळे ते पाण्याची जागा घेऊ शकत नाही. आर्द्रतामापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. झाकणभर मिठात थोडं पाणी घालून त्याचा ओला लगदा करा आणि मापकासह घट्ट पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जितका फरक, तितकी दुरुस्ती पुढे धरायची.

पेटी उन्हात ठेवायची नाही, बंद काचेत पानं अक्षरशः शिजतात. पांढऱ्या प्रकाशाचा एलईडी दिवा काचेबाहेर, वरून, रोज १२ तास. पानं गडद हिरवी आणि लांबट झाली तर उजेड कमी, लालसर झाली तर जास्त.

रोपांच्या निवडीत घाई नडते. मॅकोडेस पेटोला आणि लुडिसिया ही ऑर्किडं तळच्या मंद उजेडात, शेवाळावर छान वाढतात. रेस्ट्रेपिया आणि ड्रायडेला मधल्या उंचीवर, हरेला वरच्या कोरड्या हवेत. रात्री १५ अंशांपर्यंत गारवा देता येत नसेल तर डोंगरी मास्डेव्हॅलियाच्या वाटेला जाऊ नये. ओलीमुळे नव्हे, उष्णतेमुळे ती पानं टाकते. टोलुम्निया या पेटीत नकोच, तिची मुळं रोज लवकर वाळावी लागतात.

नवं रोप थेट आत ठेवू नका. महिनाभर वेगळं ठेवा आणि रात्री टॉर्चने मुळं तपासा. एक-दोन मिलिमीटरच्या चपट्या गोगलगायी मुळांची हिरवी टोकं कुरतडतात आणि एकदा पेटीत शिरल्या की निघत नाहीत. रात्री शेवाळावर काकडीची चकती ठेवून, पहाटे ती त्यांच्यासकट उचलून टाकली की संख्या आटोक्यात राहते.