पानं-फुलं दाबायचा लाकडी प्रेस: दिवाळीच्या सुट्टीसाठी घ्यावा का?

दोन चौकोनी पाट्या, चार कोपऱ्यांत चार बोल्ट, मध्ये पुठ्ठे आणि कागद. मुलांसाठीचे लाकडी फ्लॉवर प्रेस ऑनलाइन साधारण ५०० ते १२०० रुपयांत मिळतात आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत घ्यायला ही फार चांगली वस्तू आहे. फक्त खोक्यातलं सगळं सामान जसंच्या तसं वापरू नका. लाकूड ठेवा, कागद बदला.

आधी लाकूड. पाटी ४ मिमीची असेल तर घेऊ नका. बोल्ट आवळले की ती मध्यभागी फुगते. कडेची पानं सपाट होतात, पण मधल्यांवर दाब कमी पडतो आणि ती सुरकुततात. ९ मिमी प्लाय हवा. बोल्टचं डोकं खालच्या पाटीत बुडालेलं असावं, नाहीतर प्रेस टेबलावर डगमगतो आणि ओरखडे पाडतो. नट बोटांनी फिरवायचे, पंखवाले असावेत आणि प्रत्येक नटाखाली वायसर (वॉशर, म्हणजे धातूची चकती) असावा. वायसर नसेल तर नट लाकडात रुततो, मग मुलांच्या हाताला तो सुटत नाही. हार्डवेअरच्या दुकानात वायसर सुटे मिळतात. नट आवळताना समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घ्यायचे, एकाच बाजूने घट्ट करत गेलं तर थर सरकतात.

बहुतेक संचांची खरी कमतरता कागदात असते. पातळ पांढरे कागद दिलेले असतात, तेही मोजकेच. ऑक्टोबरात मुंबई-कोकणात हवेत अजून ओल असते. ओला कागद तसाच राहिला की दोन-तीन दिवसांत पाकळी तपकिरी होते, कडेला बुरशी धरते. रोजच्या वर्तमानपत्राचा साधा कागद उत्तम. पुरवण्यांचा गुळगुळीत कागद नको, तो पाणी शोषत नाही. थर असा लावा: पुठ्ठा, वर्तमानपत्राचे चार पदर, एक साधा कोरा कागद, फूल, पुन्हा कोरा कागद, पुन्हा चार पदर, पुठ्ठा. कोरा कागद फुलाला शाई लागू देत नाही. पुठ्ठा खोक्याचा, नागमोडी पन्हाळी असलेला घ्या, त्या पोकळ्यांतून हवा खेळते. तो थेट फुलाला टेकला मात्र पाकळीवर रेघा उमटतात, त्यासाठीच हे पदर. टिश्यू पेपरचीही बारीक नक्षी पाकळीवर उठते, तो टाळा.

पहिले तीन दिवस वर्तमानपत्र रोज बदलायचं, फूल असलेला कोरा कागद न उघडता. मुलं इथेच घाई करतात. अर्धवट वाळलेली पाकळी कागदाला चिकटलेली असते, उघडली की फाटते. पातळ पाकळ्यांना आठवडा, जाड पानांना दहा-बारा दिवस. पान उचलल्यावर लवून खाली पडलं, गालाला गार लागलं, तर ते अजून ओलं आहे.

काय दाबायचं, याबाबतीत खोक्यावरची लाल मेपलची पानं विसरा. आपल्याकडे पानगळ शिशिरात, शरदात झाडं हिरवी आणि फुलं भरपूर. रस्त्याकडेचा पिवळा-केशरी कॉसमॉस सगळ्यात सोपा, रंगही टिकतो. गोकर्ण दाबताना मोठी पाकळी उघडी करून पालथी ठेवा, निळा रंग छान राहतो. झेंडू अख्खा दाबू नका. खालची हिरवी वाटी जाड आणि पाणीदार असते, ती आतून काळी पडते आणि शेजारच्या फुलांनाही डाग लावते. पाकळ्या सुट्या करून एका थरात पसरा. झेंडूची कातरलेली पानं तर जरूर दाबा, ती नेच्यासारखी सुंदर निघतात. पारिजातकाच्या पांढऱ्या पाकळ्या तपकिरी होतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पानफुटीसारखी रसाळ पानं वाळतच नाहीत.

दसऱ्यानंतर घरोघरी आपट्याची पानं साठतात, ती फेकू नका. जाड असल्यामुळे ती न दुमडता वाळतात. बाजारात आपटा म्हणून कांचनाचीही पानं मिळतात. आपट्याचं पान लहान, चिवट आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. दोन्ही शेजारी दाबून ठेवली तर मुलांना फरक हातानेच कळतो. या एका उद्योगासाठीसुद्धा प्रेस घेण्यासारखा आहे.

कण्हेर विषारी आणि रुईचा चीक डोळ्यांना घातक, दोन्ही मुलांच्या हाती देऊ नयेत. कासच्या पठारावर फुलं तोडायला मनाई आहे. अंगण, गच्ची आणि सोसायटीच्या कुंपणातच पुरेसं सापडतं.

वाळलेली पानं-फुलं कागदावर चिकटवताना पांढरा फेव्हिकॉल टूथपिकच्या टोकाने, देठाला आणि मधोमध अगदी ठिपक्याएवढा. तो पाण्यात बनलेला असतो, जास्त लावला तर वाळलेली पाकळी पुन्हा भिजते आणि कागद फुगतो. शुभेच्छापत्रासाठी २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आसपासचा कार्डशीट घ्या. लॅमिनेशन पूर्ण वाळलेल्या पातळ पानांचंच करा. ओल राहिली तर उष्णतेने पान काळवंडतं आणि आत वाफेचे फुगे येतात.

सहा वर्षांखालच्या मुलाला नट आवळायला मोठ्यांची मदत लागते, थर लावणं मात्र त्याचं तो करू शकतो. मापाचं म्हणाल तर १५ सेमीचा प्रेस घेऊ नका. आपट्याची पानं आणि दोन-चार फुलं ठेवली की तो भरतो, नेच्याचं पान तर मावतच नाही. २२ ते २५ सेमीचा घ्या आणि सोबत आलेले बोल्ट किमान ७ सेमी लांब आहेत ना, ते पाहा. आखूड बोल्टवर पाच-सहा थरांनंतर नट बसत नाही.