जपानहून मागवलेले रील आणि येनचा भाव

खडपावर उभे राहून जिताडा आणि तांबोशी हे मासे गरवणाऱ्या आमच्या मंडळींत जपानी रीलचा, म्हणजे गळाची दोरी गुंडाळणाऱ्या चक्राचा, विषय निघाला की हल्ली लगोलग येनचा भावही निघतो. त्याला कारण आहे. 2021 च्या सुरुवातीला 100 येनसाठी सुमारे 70 रुपये मोजावे लागत. जुलै 2024 मध्ये एका डॉलरला 161 हून अधिक येन पडू लागले, येन 1986 नंतरच्या नीचांकाला गेला आणि तेच 100 येन 52 रुपयांच्या आसपास मिळू लागले. त्या हिशेबाने 25,000 येनचे रील साडेसतरा हजारांवरून तेरा हजारांवर आले. अमेरिकेने 2022 पासून व्याजदर झपाट्याने वाढवले आणि जपानने मात्र मार्च 2024 पर्यंत ते शून्याखाली ठेवले, हे या घसरणीचे मोठे कारण. मात्र घसरणीचा पुरता लाभ गिऱ्हाइकाच्या हाती पडत नाही, आणि या परीक्षणाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

मी शिमानो या जपानी कंपनीचे स्ट्रॅडिक हे रील, 4000 आकाराचे, आणि सोबत काही लुअर, म्हणजे माशाला भुलवणारी कृत्रिम आमिषे, जपानमधील एका ऑनलाइन दुकानातून मागवले. दुकानाबद्दल बोलायचे तर माल अस्सल होता, बांधणी उत्तम होती आणि जपानमधील 10 टक्के उपभोग कर निर्यातीच्या मालाला लागत नसल्याने तो किमतीतून आधीच वजा केलेला होता. खटकले ते पैसे घेण्याच्या पानावर. तेथे किंमत आपोआप रुपयांत दिसते आणि सोयीची वाटते. परंतु तो दर दुकानाने किंवा त्याच्या पैसे स्वीकारणाऱ्या मध्यस्थाने ठरवलेला असतो आणि माझ्या वेळी तो बाजारभावापेक्षा साधारण चार टक्क्यांनी चढा होता. शिवाय रुपयांत पैसे दिले तरी व्यापारी परदेशी असल्यामुळे अनेक बँका आपले शुल्क लावायचे ते लावतातच. म्हणून चलन बदलून येन निवडावे, हे उत्तम.

येन निवडल्यावर बँकेचा वाटा येतो. बहुतेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनातील खरेदीला दोन ते साडेतीन टक्के अधिभार असतो आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी. साडेतीन टक्के धरले तर तेरा हजारांच्या खरेदीवर सुमारे 537 रुपये असेच जातात. अधिभार नसलेले कार्ड असेल तर तेवढ्या पैशांत ब्रेडचे, म्हणजे विणलेल्या दोरीचे, एखादे साधे रीळ निघते. आणखी एक बारकावा असा की रुपयांची अंतिम रक्कम खरेदीच्या दिवशीच्या दराने ठरेलच असे नाही. दुकानाकडून व्यवहार बँकेकडे पुढे सरकतो त्या दिवशीचा दर लागू शकतो आणि मधल्या एक-दोन दिवसांत येन हलला तर आकडा बदलतो. माझ्या मागणीतील एक लुअर शिल्लक नसल्याने दुकानाने त्याचे पैसे परत केले. येनमध्ये रक्कम तंतोतंत तीच होती, रुपयांत मात्र ती कमी भरली, आणि त्यावर घेतलेला अधिभार बँकेने परत केला नाही. अधिभार परत न मिळण्यात दुकानाची चूक नाही, पण पैसे घेण्याआधी साठा तपासला असता तर हा फटका बसलाच नसता.

सीमाशुल्काचा हिशेब याहून वेगळा. तेथे कार्डावर लागलेला दर विचारात घेतला जात नाही, तर सरकारने ठराविक काळाने अधिसूचित केलेला दर लावला जातो. त्या दराने मालाची किंमत रुपयांत आणून, त्यात वाहतूक आणि विमा मिळवून, त्या बेरजेवर शुल्क आकारतात आणि मग किंमत अधिक शुल्क या रकमेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. त्यामुळे येन उतरला तर शुल्कही उतरते आणि चढला तर त्याच प्रमाणात करही चढतो. पार्सल घरी आल्यावर कुरिअरवाला शुल्काची पावती पुढे करतो तेव्हा अनेकांचा संताप होतो, पण ती रक्कम आधीच अंदाजाने काढता येते आणि काढावीच.

रीलबद्दल तक्रार नाही. ते गुळगुळीत चालते, मासा ओढू लागला की दोरी ताणाखाली सोडणारा ड्रॅग अडखळत न सुटता सलग सुटतो आणि खाऱ्या पाण्याच्या तुषारांनंतर गोड्या पाण्याने हलकेच धुतले की पुरते. जपानी बाजारासाठीच्या मालावर भारतात हमी मिळेलच असे धरून चालू नये, आणि सुट्या भागांसाठी पुन्हा जपानकडेच वळावे लागू शकते, तेही त्या वेळच्या येनच्या भावाने.

सगळा खर्च मिळवल्यावर हे रील येथील दुकानातील भावापेक्षा थोडेच स्वस्त पडले. तेव्हा येथे सहज मिळणाऱ्या मॉडेलसाठी एवढा उपद्व्याप करण्यात फारसा अर्थ नाही. येथे येतच नाहीत अशी वरच्या दर्जाची रीले आणि लुअर यांच्यासाठी मात्र मी पुन्हा याच दुकानाकडे जाईन, आणि गळ, तंगूस, शिसे असल्या किरकोळ वस्तू त्यात भरणार नाही. रॉड तर मुळीच मागवू नये: लांब नळकांड्याचे भाडे आकारमानावर लागते, ते भाडे शुल्काच्या हिशेबातही मिळवले जाते, आणि येनच्या घसरणीत वाचलेले सगळे पैसे तेथेच संपतात.