परमुलखात जेवायचं कुठं? टूरचं जेवण, नकाशातले तारे की माणसांना विचारून

खानापूरच्या माझ्या मावसभावानं दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर आणि बँकॉक ठरवलंय. बरोबर बायको, दहा वर्षांची मुलगी आणि मावशी. मावशी बहात्तरची. तिला अंडंही चालत नाही आणि चातुर्मासात कांदा-लसूण बंद. भाऊ मात्र रविवारी मटणाशिवाय राहत नाही. त्याचा प्रश्न असा, की जेवणासकट टूरचे पैसे भरायचे की आपलं आपण शोधायचं? आणि शोधायचं तर कशाच्या भरवशावर? दोन्ही शहरांत मी हिंडून आलोय, काही ठिकाणी फसलोय, काही ठिकाणी तृप्त होऊन उठलोय. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण आपल्या बेळगाव-निपाणी भागातल्या अनेक घरांत आता हाच हिशेब चाललेला असतो.

आधी टूरचं जेवण. बस भारतीय हॉटेलासमोर थांबते. आत बुफे असतो: जिरा राईस, डाळ, पनीर, बटाट्याची भाजी, गुलाबजाम. मावशीच्या दृष्टीनं ही फार मोठी सोय आहे आणि ती सोय मी कमी लेखणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला परक्या गावात वेळेवर गरम भात मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. पण दोन गोष्टी जातात. एक तर वेळ: शहराच्या एका टोकाला असताना जेवायला दुसऱ्या टोकाला जावं लागतं. दुसरं म्हणजे चार दिवसांत आठ वेळा तीच डाळ खाऊन माणूस परत येतो आणि त्या शहराची चव त्याला कळलेलीच नसते. म्हणून सकाळचा नाश्ता हॉटेलात, रात्रीची काही जेवणं टूरची आणि दुपार मोकळी, असं पॅकेज मिळत असेल तर तेच घ्यावं असं माझं मत.

आता दुपार मोकळी ठेवली की हात आपोआप मोबाईलकडे जातो. नकाशा उघडायचा, ४.७ तारे दिसले की चालायला लागायचं. बँकॉकमध्ये मी हेच केलं होतं. नदीकाठच्या गर्दीच्या भागात, साडेचार ताऱ्यांच्या वर असलेल्या एका ठिकाणी आम्ही बसलो. भात गार, रस्सा गोडमिट्ट आणि बिल शेजारच्या गल्लीच्या तिप्पट. पाणी प्यायला ग्लास उचलला तर खाली टेबलावर चिकटवलेला कागद दिसला: पाच तारे द्या, एक सरबत मोफत. तेव्हा परत नकाशा उघडून अभिप्राय नीट वाचले. सगळे आमच्यासारख्या एका दिवसाच्या पाहुण्यांचे. त्यात वेटरची नावं होती, पदार्थाचं नाव एकाही ठिकाणी नव्हतं.

तेव्हापासून मी तारे बघतो, पण शेवटी बघतो. आधी अभिप्राय 'सर्वांत नवे' असे लावून घेतो. मग लोकांनी स्वतः काढलेले फोटो: ताटात नेमकं काय आहे, शेजारच्या टेबलावर कोण बसलंय. तिथल्या भाषेतले अभिप्राय भाषांतर करून वाचतो. गावातला माणूस लिहितो तेव्हा रस्सा पातळ झालाय, पूर्वी जास्त मासे असायचे, असली तक्रार करतो. अशी तक्रार असलेलं ४.१ चं ठिकाण मला ४.८ पेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं. शाकाहारी माणसासाठी 'हॅपीकाऊ' नावाचं ॲप आहे, १९९९ पासून चालू असलेल्या वेबसाइटचं. पूर्ण शाकाहारी ठिकाणं त्यात वेगळी दाखवलेली असतात. मावशीसाठी ते फोनवर घेऊन ठेवायलाच हवं.

मिशेलिनचं लाल पुस्तक बऱ्याच जणांना भुरळ घालतं. टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीनं १९०० मध्ये मोटारवाल्यांसाठी ते सुरू केलं. सिंगापूरची पहिली आवृत्ती २०१६ ची, आणि त्याच वर्षी तिथल्या दोन साध्या स्टॉलना तारा मिळाला. पण त्यातला एक सोया सॉसमधल्या कोंबडीचा आणि दुसरा डुकराच्या मांसाच्या नूडल्सचा. मावशीला त्याचा काय उपयोग? भावाला मी एवढंच सांगितलं, की ताऱ्यांच्या मागं लागू नकोस, त्याच पुस्तकातली 'बिब गुरमाँ' ही यादी बघ. बेताच्या पैशात चांगलं खाणं देणाऱ्यांची ती यादी आहे. रांग मात्र तिथंही असते.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र माणसांना विचारण्यावर आहे. पण कसं विचारायचं ते आपल्याच गावावरून समजून घ्यावं. बाहेरच्या पाहुण्यानं बेळगावात विचारलं, "चांगलं हॉटेल कुठलं?" तर आपण त्याला एसी हॉल असलेलं, पार्किंग असलेलं ठिकाण दाखवतो. पाहुण्याच्या तोलामोलाचं. तोच माणूस म्हणाला, "तुम्ही स्वतः सकाळी कुठं खाता?" तर आपण त्याला गल्लीत, बाकड्यावर बसवणाऱ्या माणसाकडे पाठवतो आणि वर सांगतो, नऊच्या आत जा, नंतर संपतं. पहिल्या प्रश्नाला मान मिळतो, दुसऱ्याला जेवण. परदेशातही हेच. हॉटेलच्या काउंटरवर 'चांगलं' विचारलं की पर्यटकांची यादी हातात येते. खोली झाडणाऱ्या बाईला, टॅक्सीवाल्याला, मोबाईलचं सिमकार्ड विकणाऱ्या पोराला "तुम्ही आज दुपारी कुठं जेवणार?" म्हणून विचारा.

भाषा येत नाही ही अडचण आपण सीमाभागातल्यांनी तरी मोठी मानू नये. घरात मराठी, बाजारात कन्नड, "ऊटा आतेन्री", म्हणजे जेवण झालं का, म्हणत आपण लहानाचे मोठे झालो. पाटीवरचं सगळं वाचता आलं नाही तरी खूण ओळखायची हे आपल्याला शिकवावं लागत नाही. 'सावजी' लिहिलं असेल तर मटण, 'लिंगायत खानावळ' असेल तर शाकाहारी आणि भाकरी ज्वारीची. हे पुण्या-मुंबईकडून आलेल्याला पाटी वाचूनही कळत नाही.

बँकॉकमध्ये अशीच एक खूण आहे आणि मावशीसाठी ती सोन्यासारखी आहे. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं, लांबून इंग्रजीतल्या १७ सारखी दिसणारी. त्याचा उच्चार 'जे'. तिथं मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूणही नसतो. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवस सगळीकडे या पताका लागतात. भाऊ जाईल तेव्हा तो उत्सव संपलेला असेल, पण वर्षभर चालणारी 'जे' दुकानं सापडतात. नुसतं शाकाहारी हवं असेल तर शब्द 'मंग्सविरत'. सावकाश म्हणून बघा, आपलं 'मांसविरती'च आहे ते. तरीही एक गोष्ट बजावून सांगतो: भाजी हिरवी दिसली म्हणून खाऊ नये. साध्या परतलेल्या पालेभाजीतही माशाचं पाणी, म्हणजे 'नाम प्ला', घालतात. 'जे' सांगितलं तरच ते टळतं. आणि सोमवारी रस्त्यावरचे बरेच गाडे बंद असतात, तो दिवस मॉलमधल्या फूड कोर्टासाठी ठेवावा.

सिंगापूरचं मात्र सगळंच सोपं, आणि तिथं टूरचं जेवण घेण्याची मला काहीच गरज वाटत नाही. कारण हॉकर सेंटर. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारनं छपराखाली, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय करून बसवलं. २०२० मध्ये युनेस्कोनं ही संस्कृती आपल्या वारसायादीत घेतली. आमच्या भावाच्या कुटुंबासारख्या चार तोंडांच्या चार आवडी असलेल्या घराला याहून चांगली जागा नाही. लिटल इंडियातलं टेक्का सेंटर घ्या. खाली पंख्यांची घरघर, एकाच टेबलावर भावापुढं मटण बिर्याणी, मुलीपुढं प्राटा, म्हणजे तिथला पराठा, मावशीपुढं डोसा. कुणाला कुणासाठी उपाशी राहावं लागत नाही. एका माणसाचं जेवण साधारण ४ ते ६ सिंगापुरी डॉलरात होतं. वातानुकूलित रेस्टॉरंटमध्ये गेलात तर मेनूतल्या किमतीवर बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी चढतो. 'प्लस प्लस' लिहिलेलं दिसलं की तेच समजायचं.

तिथल्या रीती आधी माहीत असलेल्या बऱ्या. रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं असेल तर जागा धरलेली आहे. तुम्हीही तसंच करा आणि मग रांगेत उभे राहा. रांग हीच खरी यादी. ऑफिसची ओळखपत्रं गळ्यात असलेली माणसं ज्या स्टॉलपुढं उभी आहेत तिथं उभं राहायचं. प्राट्याबरोबरची करी बहुधा मटणाची नाहीतर माशाची असते, मावशीसाठी ती आधीच नको म्हणून सांगावी. चहा 'ते' म्हणून मागितला तर घट्ट गोड दुधाचा येतो. 'ते-ओ' म्हणजे दुधाविना, 'कोसोंग' म्हणजे साखरेविना. मावशीला साखर असल्यामुळं भावाला मी 'ते-सी कोसोंग' पाठ करायला लावलंय, म्हणजे बिनसाखरेच्या दुधाचा. जेवण झाल्यावर ट्रे आपणच परत ठेवायचा, नाहीतर दंड होऊ शकतो. चिनी शाकाहारी स्टॉलवर बदकासारखं, मांसासारखं काहीतरी टांगलेलं दिसेल. ते सोयाबीनचं नाहीतर गव्हाच्या चिकाचं असतं, मावशीला आधी सांगून ठेवलेलं बरं.

आणि वेळ. आपण दुपारी दोनला, रात्री साडेनऊला जेवणारी माणसं. हॉकर सेंटरमधले नावाजलेले स्टॉल माल संपला की बंद होतात, कधी दुपारीच. बाराच्या आधी पोचायला हवं. मॅक्सवेल सेंटरमधला कोंबडी-भात भावाला खायचा आहे, त्याला अकराची वेळ दिलीय. रात्री उशीर झालाच तर 'लाउ पा सात' नावाच्या हॉकर सेंटरच्या शेजारच्या रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर वाहनं बंद करून 'साते', म्हणजे काडीला टोचलेलं मांस, भाजणारे बसतात. आणि मावशीला पानावरचं जेवण हवंसं झालं तर सेरांगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास हे दक्षिण भारतीय शाकाहारी हॉटेल आहेच.

पैसे देऊन गाईडबरोबर खाऊगल्ली फिरण्याचे कार्यक्रमही असतात. एकट्या, सगळं खाणाऱ्या माणसानं पहिल्याच संध्याकाळी घ्यावेत, पुढचे दिवस त्यावर निघतात. मावशीला घेऊन नको, दहापैकी आठ घास तिच्या कामाचे नसतील आणि तीन तास पायी चालणं वेगळंच.

तेव्हा भावाचं ठरलं ते असं: सिंगापूरला जेवण टूरमध्ये धरायचं नाही, बँकॉकला फक्त रात्रीचं धरायचं. दोन्हीकडे पहिल्या दुपारी भूक लागायच्या आधीच, अकराच्या सुमाराला, हॉटेलच्या आजूबाजूच्या दोन गल्ल्या त्यानं एकट्यानं फिरून यायचं. मावशीनं तोवर खोलीत पाठ टेकायची. तो परत येऊन कुठं पताका आहे, कुठं रांग आहे ते सांगेल, मग सगळ्यांनी निघायचं. मावशीनं मात्र चार दिवसांचा मेतकूट-भात होईल एवढं मेतकूट पिशवीत आधीच भरून ठेवलंय, आणि ते काढून ठेव असं मी तिला अजिबात सांगितलेलं नाही.